‘गाडी खाली लावा’ म्हणण्याआधी

पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. श्रावणी सोमवारी भीमाशंकरच्या वाटेवर कोंडी होते, संकष्टीला ओझरच्या चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. मग ग्रामसभेत कुणीतरी उठून म्हणतो, ‘बाहेरच्या गाड्या खालीच थांबवा, पुढे एसटी चालवा.’ सभेत माना डोलतात. बाहेर टपरीवर मात्र त्याच माणसाला ऐकवले जाते, ‘लोकांच्या पोटावर पाय देतोस काय?’ विषय तिथेच बारगळतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा निघतो.

जुन्नर-आंबेगावातल्या अनेक सरपंचांची, शिक्षकांची, बचत गटांची, घरगुती निवास चालवणाऱ्यांची आणि दुर्गप्रेमी मंडळांची अडचण हीच आहे. कल्पना सगळ्यांना पटते, पण सही करायला कुणी पुढे येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. प्रदूषण, हवामान वगैरे विषय इथे फारसे येणार नाहीत. ते महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्यावर भाषण करून गावाचा पाठिंबा मिळत नाही. ज्याची गाडी थांबणार किंवा ज्याचे गिऱ्हाईक वळणार, त्याच्या पदरात काय पडणार हे आधी ठरले की पाठिंबा मिळतो.

घाई करायला कारणही आहे. जुन्नर २०१८ मध्येच पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यात शिवनेरी आहे. येणारे वाढणार, रस्ते मात्र तेच राहणार. रेल्वेची वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही. पुणे–नाशिक रेल्वेचा जुना आराखडा खोडदच्या महादुर्बिणीपाशी अडला आणि मार्गावरून वाद सुरू झाला. रेल्वे येईल तेव्हा येईल. आज हाताशी एसटी आहे, जीप आहेत आणि पाय आहेत.

आधी एकच रस्ता निवडा

‘तालुक्यात शाश्वत पर्यटन’ असा ठराव करू नका. त्यातून कुणालाच काही करावे लागत नाही, म्हणून तो एकमताने मंजूर होतो आणि दप्तरात पडून राहतो. एक रस्ता घ्या, वर्षातले काही दिवस ठरवा आणि एक बदल मागा. आपल्या भागात प्रत्यक्षात येऊ शकतील असे चार पर्याय दिसतात.

* वाहनतळ आणि पुढे बस. गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या खाली थांबवायच्या आणि शेवटचा टप्पा एसटीने करायचा. भीमाशंकरला श्रावणात अशी व्यवस्था केली जाते, त्यामुळे लोकांना ती नवी वाटत नाही. नाणेघाटासाठी घाटघरच्या अलीकडे हे जमू शकते.
* वर्तुळ फेरी. नारायणगाव, ओझर, जुन्नर, लेण्याद्री आणि परत अशी सुट्टीच्या आणि संकष्टीच्या दिवशी धावणारी बस. अष्टविनायकांपैकी दोन गणपती एकाच तालुक्यात आहेत आणि शिवनेरी वाटेवरच आहे.
* पायवाट. जुन्नरच्या एसटी स्थानकापासून शिवनेरीचा पायथा तीन-चार किलोमीटरवर आहे. सावली, पाणी आणि चालायला कडेची जागा मिळाली तर तरुण मंडळी चालत जातील.
* गावच्याच माणसांचा रोजचा प्रवास. शाळेच्या वेळेची फेरी, मुक्कामी गाडी, आठवडी बाजाराची जादा गाडी.

चौथ्या पर्यायाने सुरुवात करा, असा माझा आग्रह आहे. पर्यटकांसाठी बस मागणारे गाव आणि स्वतःच्या मुलांसाठी बस मागणारे गाव यांत फरक आहे. दुसऱ्या मागणीला ग्रामसभेत कुणी विरोध करत नाही. त्या मागणीसाठी एकदा एकत्र आलेली माणसे पुढच्या, अवघड मागणीलाही टिकतात.

विरोध कोण करणार, याची यादी आधी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक योजना कागदावर नीट असतात आणि इथे मोडतात.

पुणे जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. मे २०२२ मध्ये सिंहगडावर खासगी गाड्या बंद करून पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस सुरू झाल्या. हेतू उत्तम होता, गाजावाजाही झाला. गर्दीच्या दिवशी मात्र गाड्या पुरल्या नाहीत, लोक ताटकळले, घाटातल्या वळणांचा प्रश्न आला आणि त्याच महिन्यात सेवा थांबवावी लागली. त्यानंतर सिंहगडावर पुन्हा हा विषय काढणे किती जड गेले असेल, याची कल्पना करा. एकदा फसलेली योजना विरोधकांना पुढची अनेक वर्षे पुरते. म्हणून बंदी आधी आणि सोय मागून, हा क्रम कधीही स्वीकारू नका. बस रुळू द्या, मग गाड्या थांबवा.

दुसरे उदाहरण माथेरानचे. तिथे मोटारींना फार पूर्वीपासून बंदी आहे. ई-रिक्षांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा खरा मुद्दा हा ठरला की त्या रिक्षा चालवणार कोण. आजवर हाताने रिक्षा ओढणाऱ्यांनाच त्या मिळाव्यात, ही भूमिका न्यायालयात मांडली गेली आणि ती टिकली. साधन बदलले तरी कष्टकऱ्याचा हक्क कायम राहिला पाहिजे, एवढे तिथून घेण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे पाहा. कुणाशी बोलायचे आणि काय बोलायचे?

जीपवाले आणि रिक्षावाले. त्यांना सभेत नाही, आधी घरी जाऊन भेटा. त्यांचा गर्दीच्या रविवारचा धंदा किती, आडदिवसाचा किती, हे त्यांच्याच तोंडून समजून घ्या. कोंडीत अडकलेली जीप दिवसात दोन फेऱ्या करते आणि मोकळ्या रस्त्यावर जास्त करते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले कळते. वृद्ध, अपंग आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांचा शेवटचा टप्पा, आडवाटेच्या वाड्या, पहाटेचे ट्रेकर हे काम त्यांच्याकडे राहील, असे लेखी ठरवा.

ज्यांच्या शेतात आज गाड्या लागतात ते. हे लोक सभेत बोलत नाहीत, पण योजना पाडतात. शक्य असेल तर वाहनतळ त्यांच्याच जागेवर भाड्याने घ्या किंवा वाहनतळावरचे स्टॉल त्यांना आधी द्या.

वरचे दुकानदार. ‘गाड्या खाली थांबल्या तर गिऱ्हाईक खालीच खाऊन जाईल’ ही त्यांची भीती खरी आहे. खाली फक्त पाणी, चहा आणि शौचालय, जेवण वर, अशी वाटणी करून पाहा. बचत गटाच्या महिलांना खाली हिरडा, मध, हातसडीचा तांदूळ विकायला जागा द्या. पर्यटकाला जेवण वरच मिळते हे कळले की वरचे दुकानदार शांत होतात.

गावकरी स्वतः. त्यांचा पहिला प्रश्न, ‘आमच्या गाडीचे काय?’ स्थानिकांची वाहने, दुधाच्या गाड्या, टोमॅटोचे पिकअप, ऊसवाहतूक, रुग्णवाहिका, लग्नाचे वऱ्हाड यांना सूट आहे, हे ठरावाच्या पहिल्या ओळीत लिहा. ते शेवटी लिहिले तर तिथपर्यंत कुणी वाचत नाही आणि भलतीच अफवा पसरते.

देवस्थान. भाविकाला अडवले अशी बातमी त्यांना नको असते. म्हणून विश्वस्तांना योजनेचे निमंत्रक करा, पाहुणे नको. दर्शनाच्या रांगेची माहिती वाहनतळावरच सांगता आली तर त्यांचाही ताण कमी होतो.

आणखी एक युक्तिवाद तुमच्या हाती आहे आणि तो कुणी वापरत नाही. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली माणसे वाहून गेली. त्यानंतर जिल्ह्यातल्या पावसाळी ठिकाणांवर निर्बंधांचे आदेश निघाले आणि त्यांत जुन्नर-आंबेगावची ठिकाणेही होती. सरसकट बंदी आली की जीपवाला, दुकानदार, शेतवाला असे सगळेच एका दिवसात बसतात. ‘आम्ही गाड्या आणि माणसे मोजून सोडतो, आमच्याकडे व्यवस्था आहे,’ असे प्रशासनाला सांगू शकणाऱ्या गावाची बाजू अशा वेळी भक्कम राहते. दुकानदारांच्या बैठकीत हा मुद्दा सगळ्यात आधी मांडा.

बिबट्याचा विषय टाळू नका

पुण्या-मुंबईच्या संस्था इथे येऊन ‘चालत जा, सायकल वापरा’ असे फलक लावतात. जुन्नर वनविभागात उसाच्या शेतांत बिबटे राहतात, माणसांवर हल्ले होतात, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. अंधार पडल्यावर फाट्यापासून वाडीपर्यंत चालायला लावणारी कोणतीही योजना इथे चालणार नाही, चालूही नये. आयांचा विरोध होईल आणि तो रास्त असेल.

म्हणून मागणीपत्रात या गोष्टी घालाच: शेवटची फेरी दिवस मावळण्याआधी वाडीत पोचेल अशी वेळ, फाट्यावरच्या थांब्याला दिवा, थांब्याभोवतीचे गवत व झुडपे साफ, शाळेच्या मुलांसाठी गटाने चालण्याची व्यवस्था. पर्यटकांच्या पायवाटेलाही वेळेची मर्यादा ठेवा. वनविभागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना या एका मुद्द्यावर बैठकीला बोलावले तर ते येतात, आणि एकदा आले की बाकीच्या परवानग्यांचे बोलणेही सुरू होते.

मोजणी करा, मग बोला

अधिकाऱ्यापुढे ‘फार गर्दी होते’ या वाक्याला किंमत नाही. लागोपाठचे दोन-तीन गर्दीचे दिवस निवडा. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले सोबत घ्या आणि गावाच्या तोंडाशी बसून एवढेच लिहा:

* तासागणिक दुचाकी, चारचाकी आणि बस किती आल्या
* प्रत्येक चारचाकीत माणसे किती
* कुठून आले आणि किती तास थांबणार
* ‘फाट्यापासून बस असती तर बसला असता का?’ याचे हो-नाही उत्तर
* कोंडीमुळे रुग्णवाहिका, दूध किंवा एसटी अडली असेल तर वेळ

एका बसमध्ये चाळीस माणसे बसतात. एका मोटारीत तीन-चार. म्हणजे एक बस दहा-बारा मोटारींची जागा वाचवते. हा हिशेब तुमच्या गावाच्या आकड्यांत मांडला की सभेतला सूर बदलतो. हो-नाहीच्या उत्तरांवर मात्र फार विसंबू नका. लोक ‘हो’ म्हणतात आणि गाडीतून उतरत नाहीत. निम्मेच धरा.

एसटीशी तिच्या भाषेत बोला

आगार व्यवस्थापक दोन गोष्टी पाहतो: भारमान, म्हणजे गाडी किती भरते, आणि किलोमीटरमागे उत्पन्न. ‘आमच्यावर अन्याय होतो’ असे पत्र त्याला रोज येते. ‘दर रविवारी सकाळी ८ ते ११ मध्ये अमुक माणसे फाट्यावर उतरतात, ही मोजणी जोडली आहे’ असे पत्र क्वचित येते. दुसरे पत्र लिहा.

सोबत हेही ठेवा:

* गाडी वळवायला जागा कुठे आहे, त्याचा नकाशा आणि फोटो
* मुक्कामी गाडी मागत असाल तर चालक-वाहकाच्या झोपण्याची, पाण्याची आणि शौचालयाची सोय कोण करणार
* शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र, पासधारक मुलांच्या संख्येसह
* बाजाराचा दिवस, यात्रेच्या तारखा

एसटी नकोशी वाटणाऱ्या वाचकांनी सवलतींचा हिशेब एकदा मांडून पाहावा. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि लहान मुलांनाही अर्धे. नवरा, बायको, ७६ वर्षांची आजी आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघे निघाले तर दोनच पूर्ण तिकिटांचे पैसे होतात. ही गोष्ट पुण्या-पिंपरीत राहणाऱ्या आपल्याच नातेवाइकांना माहीत नसते. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर घाटाचे धुके टाकण्याबरोबर हा हिशेबही टाका. ज्येष्ठांनी ओळखपत्र सोबत ठेवायला हवे, तेही सांगा.

गटाने येणाऱ्यांसाठी प्रासंगिक कराराने पूर्ण एसटी मिळते आणि शालेय सहलींना त्यात सवलत असते. आपल्या तालुक्यातल्या शाळांनी सहलीसाठी खासगी गाडी ठरवण्याआधी आगारात दर विचारावा. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी आरक्षणाच्या उत्तरातच ‘नारायणगाव किंवा मंचरपर्यंत एसटीने या, पुढची जीप आम्ही सांगतो’ हे एक वाक्य घालावे. एवढ्याने काही पाहुणे गाडी घरी ठेवतात आणि गावच्या जीपला बांधलेले भाडे मिळते.

एसटी आपल्याकडे काय असते, हे आंबेगावला वेगळे सांगायला नको. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा ही गोष्ट प्रथम बाहेर कळवणारा माणूस त्या रस्त्यावरच्या एसटीचा चालक होता. रोज येणारी गाडी बंद पडली की एवढ्या मोठ्या मुलखावरचे रोजचे लक्षही संपते.

ग्रामसभेत ठराव कसा घ्यायचा

१. सभेच्या आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे विषय लेखी द्या आणि पोच घ्या. आयत्या वेळच्या विषयात तो टाकू देऊ नका, नंतर हरकत निघते.

२. ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्यात आहे. तिथे विषय आधी मांडा. बस हवी असते ती बहुतेक महिलांना आणि मुलांना, गाडी असते पुरुषांकडे. महिला सभेचा ठराव हातात असला की मुख्य सभेतला विरोध अर्धा होतो.

३. गणपूर्ती तपासा. सर्वसाधारण ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती हजर लागते. पश्चिमेकडची आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम लागू आहेत, ग्रामसभेचे अधिकार जास्त आहेत. वाहनतळासाठी बाहेरच्या ठेकेदाराला जागा देण्याआधी तिथल्या ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा.

४. ठरावाला मुदत घाला. ‘कायमचे’ म्हटले की माणसे दचकतात. ‘एक महिना, मग पुन्हा सभा’ म्हटले की आढेवेढे कमी होतात.

५. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या.

मसुदा असा ठेवता येईल:

‘स्थानिक रहिवासी, शेतमाल, दूध, ऊस, रुग्ण, अपंग व ज्येष्ठ नागरिक यांच्या वाहनांना पूर्ण सूट ठेवून, दिनांक … ते … या काळात दर शनिवारी, रविवारी व सुट्टीच्या दिवशी सकाळी … ते सायंकाळी … बाहेरील खासगी वाहने … येथील वाहनतळावर थांबवावीत आणि तेथून पुढे राज्य परिवहन महामंडळाने जादा फेऱ्या सोडाव्यात, अशी मागणी ही ग्रामसभा करते. बससेवा सुरू झाल्याखेरीज वाहने अडवू नयेत. मुदत संपल्यावर जमाखर्च व अनुभव ग्रामसभेपुढे ठेवण्यात यावा.’

‘बससेवा सुरू झाल्याखेरीज वाहने अडवू नयेत’ हे वाक्य कुणी गाळायला सांगितले तरी गाळू नका.

कुणाचा अधिकार काय

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात.

* गाड्या अडवणे: ग्रामपंचायतीला सार्वजनिक रस्त्यावर नाका लावून वाहने रोखण्याचा अधिकार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली शासन किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी असे निर्बंध घालू शकतो. निर्बंध महिन्याभराहून जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. एक महिन्याचा प्रयोग मागण्यामागे हेही कारण आहे. अर्ज तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, प्रत पोलीस ठाण्याला.
* पैसे घेणे: फी लावायची तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ प्रमाणे, हरकती मागवून आणि पावती देऊन. पावतीशिवाय घेतलेले वीस रुपये उद्या व्हिडिओत दिसतात आणि गाव बदनाम होते. नाणेघाटात दगडी रांजण आहे, त्यात सातवाहनकाळी जकात गोळा होत असे असे सांगतात. वसुली आपल्याकडे जुनीच आहे, हिशेबही चोख हवा.
* वनजमीन आणि अभयारण्य: भीमाशंकर अभयारण्य १९८५ पासून आहे. वनजमिनीवर परवानगीशिवाय मुरूम टाकूनही वाहनतळ करता येत नाही.
* पुरातत्त्व: शिवनेरी आणि लेण्याद्री केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवे बांधकाम निषिद्ध आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. बसथांब्याची शेड टाकण्याआधी हे तपासा.
* दोन तालुके: भीमाशंकरचा प्रश्न घोडेगावात सुटत नाही. देऊळ खेड आणि आंबेगावच्या हद्दीवर आहे, म्हणून राजगुरुनगरचे प्रशासनही बैठकीला हवे.

हमखास होणाऱ्या चुका

पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने चालवू नका. गावातल्या पोरांच्या इको आणि जीप ‘सेवा’ म्हणून फेऱ्या मारतात. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि गाडीमालकाचे घर बसते. पिवळ्या प्लेटच्या, परवाना असलेल्या गाड्याच घ्या. त्यांनाही थांब्याथांब्यावर सुट्टे प्रवासी भरण्याची मुभा आपोआप नसते. टप्पा वाहतूक हा वेगळा परवाना आहे. म्हणून मुख्य फेरी एसटीची आणि जीप पूर्ण भाड्याने, हे सोपे. शंका असेल तर प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारा. आपले दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयाखाली येतात.

वाहनतळासाठी डोंगर पोखरू नका. जेसीबी दोन दिवसांत सपाटी करून देते आणि पुढचा पाऊस ती सपाटी खाली आणतो. माळीणच्या तालुक्यात हे पुन्हा सांगावे लागते, हे वाईट आहे. जागा उताराखाली, ओढ्यापासून दूर, आधीच सपाट असलेलीच घ्या.

पहिल्या दिवसाला शिवजयंती किंवा पहिला श्रावणी सोमवार निवडू नका. सगळ्यात मोठ्या गर्दीवर नवी व्यवस्था तपासायची नसते. साधा रविवार घ्या.

एकाच पक्षाच्या नेत्याच्या हस्ते उद्घाटन करू नका. दुसरा पक्ष दुसऱ्या दिवशी विरोधात उभा राहतो. बसच्या पहिल्या फेरीत शाळेच्या मुलांना बसवा आणि नारळ गावच्या सर्वांत ज्येष्ठ आजींच्या हस्ते फोडा.

आणि फलक. ‘पर्यावरण वाचवा’ असे लिहिलेल्या फलकाने कुणी गाडीतून उतरत नाही. ‘पुढे वाहनतळ भरला आहे. इथून बस दर २० मिनिटांनी. शेवटची बस ५ वाजता’ असे लिहा. लिहिलेली वेळ पाळता येत नसेल तर फलकच लावू नका.

तुमचे हक्क

अर्ज दिला आणि उत्तर नाही, अशी वेळ येईलच. तेव्हा हे लक्षात ठेवा.

* माहितीच्या अधिकारात १० रुपये फी भरून तुम्ही विचारू शकता: अमुक मार्गावरची फेरी कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कारणाने बंद झाली, त्या फेरीचे गेल्या वर्षाचे भारमान किती होते. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. ‘प्रवासी नाहीत’ या तोंडी कारणामागे कधी गाडी नसते, कधी चालक नसतो. खरे कारण कागदावर आले की मागणी नेमकी करता येते.
* तालुक्याचा लोकशाही दिन दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो. वैयक्तिक स्वरूपाची लेखी तक्रार द्या. ‘माझी मुलगी अमुक फेरी बंद झाल्याने शाळेत पोचत नाही’ ही तक्रार दाखल होते, ‘गावाचा विकास व्हावा’ ही होत नाही.
* एसटीने २०२४ मध्ये आगारांत ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला, त्यात वरिष्ठ अधिकारी प्रवाशांच्या तक्रारी ऐकतात. तुमच्या आगाराची तारीख विचारून ठेवा आणि एकटे न जाता पाच-सहा गावांनी मिळून जा.
* विद्यार्थ्यांचे पास शाळेतच देण्याची मोहीमही एसटीने राबवली आहे. तुमच्या शाळेत पथक आले नसेल तर मुख्याध्यापकांनी आगाराला पत्र द्यावे.

पैसा कुठून

फार लागत नाही. दिवा, फलक, पाण्याची टाकी, शौचालय, मुरूम, चार स्वयंसेवकांचे जेवण. वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायत विकास आराखड्यात हे घालता येते. पेसा गावांना अबंध निधी आहे. ‘माझी वसुंधरा’ अभियानात भाग घेतलेल्या ग्रामपंचायतींनी हे काम त्यात दाखवावे. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आपलेच आहेत. गाळपाच्या दिवसांत ट्रॉल्यांना लाल परावर्तक लावण्याची मागणी त्यांच्याकडे करा, कारण संध्याकाळी रस्त्याने चालणाऱ्याला आणि दुचाकीवाल्याला अंधारातल्या ट्रॉलीचा धोका सगळ्यात मोठा आहे. वाहनतळाची फी जमा झाली तर तिचा हिशेब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पहिल्या महिन्याच्या रकमेतून गावाच्या डोळ्यांना दिसेल असे एक काम करा, शाळेच्या थांब्याची शेड असेल तर उत्तम.

केव्हा सुरू करायचे

पावसाळ्याचे नियोजन पावसात होत नाही. मोजणी यंदाच्या गर्दीत करून ठेवा. ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घ्या, म्हणजे हरकती आणि दुरुस्त्यांना १ मेची सभा हाताशी राहते. आगाराला आणि तहसीलदारांना अर्ज फेब्रुवारीत द्या. मे संपताना पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, जूनमध्ये अधिकारी आपत्ती व्यवस्थापनात गुंततात आणि त्यानंतर दिलेल्या अर्जावर त्या वर्षी काही होत नाही. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर शेजारच्या गावाला दाखवा. एकट्या घाटघरसाठी किंवा एकट्या लेण्याद्रीसाठी जादा गाडी मिळणे अवघड आहे, एकाच रस्त्यावरच्या चार ग्रामपंचायतींचे सारखे ठराव एका पाकिटात गेले तर आगाराला त्यावर निर्णय घ्यावाच लागतो.